मागून येणारा आवाज

महाराष्ट्रात ओझर नावाची गावे बरीच. त्यांतली दोन प्रसिद्ध. एक जुन्नर तालुक्यातले, अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे. दुसरे निफाड तालुक्यातले, नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, बाणगंगेच्या काठचे. आम्ही दुसऱ्या ओझरचे. गावाचे नाव ऐकून समोरच्या माणसाने भाविकपणे हात जोडले, की "ते नव्हे, विमानांचे ओझर" असा खुलासा आम्हांला करावा लागतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे १९६४ साली, सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभा राहिला आणि मिग-२१ हे विमान गावाच्या नावाला असे चिकटले, की लोक पत्त्यातही 'ओझर मिग' लिहू लागले. खरे तर अख्खे विमान येथे होत नसे. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी वाटणी होती. "म्हणजे अंग आपलं, घसा कोरापुटचा आणि कान हैदराबादचे," असे नाना, म्हणजे आमचे वडील, आम्हांला लहानपणी समजावून सांगत.

नानांचा कारखान्याशी संबंध एवढाच, की त्याची विमाने त्यांच्या तासांवरून जात. गावातल्या एका शाळेत ते मराठीचे शिक्षक होते. कविता चाललेली असे. दूर कुठे तरी गडगडाट सुरू झाला, की नाना थांबत. विमानापेक्षा मोठ्याने ओरडण्याचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. पुस्तकात बोट, डावा हात किंचित वर, नजर खिडकीबाहेर. आवाज जेथून येतो आहे तेथे विमान नसतेच, ते त्याच्या बरेच पुढे गेलेले असते. ओझरच्या पोरांना हे भौतिकशास्त्र शिकवावे लागत नाही. विमान दिसेनासे होई, आवाज मागे रेंगाळत राही, आणि तोही पुरता विरला, की नाना ज्या शब्दावर थांबले होते त्याच्या पुढच्या शब्दापासून वाक्य पुरे करीत. मधल्या काळात चाळीस मुले अर्धे वाक्य सांभाळत गप्प बसलेली असत. त्या चाळिसांत आम्हीही होतो. पुढे महाविद्यालयात यती आणि विराम यांविषयी आम्ही पुष्कळ वाचले, आज शिकवतोही. पण त्या वेळी डोळ्यांसमोर असतो तो नानांचा वर केलेला हात.

आज नानांचे वय ८४ आहे. त्यांचे ऐकणे एकाएकी गेले नाही. वयोमानाने कान जातात ते वरच्या पट्टीपासून खाली. आतल्या कानात शंखासारख्या वळणाची एक नळी असते आणि तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. उंच आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी, आणि बहुधा त्याच आधी झिजतात. भाषेच्या अभ्यासकाने यापुढचा भाग लक्ष देऊन ऐकावा असा आहे. बोलण्यातला जोर मुख्यतः स्वरांत असतो आणि तो खालच्या पट्टीत असतो. स, श, फ, ट, त यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र वरच्या पट्टीतल्या क्षीण आवाजांवर अवलंबून असते. म्हणून अशा माणसाला समोरचा बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे हे कळत नाही. जुने वैयाकरण स्वरांना स्वयंप्रकाशी मानतात आणि व्यंजनांना त्यांच्या मागून चालणारी. नानांच्या बाबतीत मागून चालणारी मंडळीच आधी निघून गेली.

पहिली काही वर्षे यात गंमतही होती. दूरचित्रवाणीवर बातमी कांद्याची असे आणि नानांना ती वांध्याची ऐकू येई. लासलगाव आमच्याच तालुक्यात असल्यामुळे आणि तेथले भाव आम्हांला ठाऊक असल्यामुळे ही चूक आहे असे छातीठोकपणे कोणी म्हणत नसे. पुढे टीव्हीच्या आवाजाचा आकडा २० वरून ३० वर आणि ३० वरून ४५ वर गेला. आवाज वाढवल्याने स्वरच आणखी मोठे होत. व्यंजने होती तेथेच राहत. आई स्वयंपाकघराचे दार लावून घेऊ लागली. शेजारच्या काकूंनी एकदा हसत हसत सांगितले, "आम्ही आता आमचा टीव्ही लावतच नाही, तुमचाच ऐकतो." काकूंच्या मनात वाकडे काही नव्हते, नानांनी ते नेमके ऐकले. त्या दिवसापासून त्यांनी आवाज १५ वर आणून ठेवला आणि ते नुसते पाहत बसू लागले.

दर शनिवारी आम्ही नाशिकहून ओझरला जातो. नाना ऐकत नाहीत, हे आमच्या ध्यानात यायला हवे तेवढ्या लवकर आले नाही. ध्यानात आले ते वेगळेच. नाना टीव्हीला दुरुस्त करीनासे झाले होते. आमच्या लहानपणापासून ते बातम्या देणाऱ्यांच्या मराठीशी मोठ्याने भांडत आले. 'कार्यक्रम संपन्न झाला' ऐकले, की "संपन्न माणूस होतो रे, कार्यक्रम पार पडतो" असे ते पडद्याला बजावीत. पडद्यावरच्या माणसाला ते ऐकू जात नसे, घरातल्या सगळ्यांना जाई. अनेक महिने त्यांनी कोणालाच काही बजावले नव्हते. आमच्या मराठीतही त्यांनी एवढ्यात चूक काढली नव्हती, आणि आमच्या मराठीत अचानक सुधारणा झाल्याचा दुसरा कोणताही पुरावा नव्हता.

कानाच्या डॉक्टरांनी श्रवणयंत्रे दिली होती. समोर बसून कोणी बोलत असेल तर त्यांचा उपयोग होतो. पण दहा फुटांवरच्या टीव्हीचा आवाज कानापर्यंत येईतो त्यात पंखा, कुकरची शिट्टी आणि महामार्गावरचे ट्रक मिसळलेले असतात, आणि यंत्र पुष्कळदा त्या सर्वांनाच मोठे करून देते. अडचण त्या दहा फुटांची होती. आवाज खोलीत सांडायच्या आधीच कानाशी नेऊन दिला तर? गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, कान पूर्ण झाकणारे एक बिनतारी हेडफोन घेऊन आम्ही ओझरला पोचलो.

हेडफोन टीव्हीला जोडणे हे काम दिसायला पाच मिनिटांचे. हेडफोनचे बटण निळा दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरायचे; टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ध्वनी', मग 'ब्ल्यूटूथ' असे उतरत जायचे; यादीत हेडफोनचे नाव आले की त्यावर बोट ठेवायचे. याला 'पेअरिंग' म्हणतात. मराठीत जोडी जमवणे म्हणायला हरकत नाही, कारण त्यात लग्नातल्या बहुतेक अडचणी असतात. आमच्या मुलीने वाटेत ते हेडफोन आपल्या मोबाईलला जोडून पाहिले होते. यंत्राने पहिली ओळख सोडली नाही. पडद्यावर बातमीदार गंभीर चेहऱ्याने काही तरी सांगत होता आणि नाना डोळे विस्फारून म्हणाले, "हा गातो आहे!" मोबाईलमधली ओळख पुसून टाकल्यावर मगच टीव्हीशी सोयरीक झाली.

ब्ल्यूटूथ या नावाची कथा साहित्याच्या माणसाला आवडावी अशी आहे. स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत १९९४ साली या बिनतारी जोडणीवर काम सुरू झाले आणि १९९८ साली एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून तिचा एक मंडळी-करार केला. कंपन्यांना एकत्र आणणाऱ्या या योजनेला तात्पुरते नाव हवे होते. दहाव्या शतकात डेन्मार्क आणि नॉर्वे एका सत्तेखाली आणणाऱ्या हॅराल्ड राजाचे टोपणनाव 'निळा दात' होते. ते इंग्रजी रूपात घेतले गेले आणि तात्पुरते नाव कायमचे झाले. त्याचे चिन्हही राजाच्या नावाची आद्याक्षरे प्राचीन रून लिपीत एकमेकांवर चढवून केलेले आहे. विखुरलेल्यांना जोडणारा म्हणून ज्याचे नाव घेतले, त्याने आमच्या घरात पहिल्याच संध्याकाळी फाळणी केली.

झाले असे, की जोडी जमली त्या क्षणी टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद पडला. पुष्कळ टीव्हींची रचना अशीच असते: आवाज एक तर हेडफोनला जाईल, नाही तर खोलीत येईल. नाना ऐकू लागले आणि आई, आम्ही आणि आमची मुलगी असे तिघे बहिरे झालो. संस्कृत नाटकात 'जनान्तिक' नावाचा संकेत आहे. रंगभूमीवरचे पात्र तीन बोटांच्या आडोशाने एकालाच काही सांगते; बाकीच्या पात्रांनी ते ऐकले नाही असे मानायचे असते, आणि प्रेक्षकांना ते ऐकू येतच असते. आमच्या दिवाणखान्यात सगळा टीव्ही जनान्तिकात बोलू लागला आणि त्यात प्रेक्षकांचीही सोय ठेवलेली नव्हती. नाना मध्येच हसत. आम्ही एकमेकांकडे पाहत असू.

दुसरी गोष्ट अर्ध्या तासाने लक्षात आली. नानांनी हेडफोनची एक बाजू आमच्या कानाशी धरली आणि आम्ही पडद्याकडे पाहिले, तो ओठ आधी हलत होते आणि शब्द मागून येत होता. बिनतारी आवाज जसाच्या तसा पाठवला जात नाही. टीव्ही त्याची घडी घालतो, पुड्या बांधतो, त्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळा वाट बदलत पाठवतो. हेडफोन त्या उलगडतो आणि एखादी पुडी हरवली तर खंड पडू नये म्हणून थोडा साठा करून मगच वाजवतो. या सर्वांत साधारण एक दशांश ते पाव सेकंद जातो. एवढ्याने काय होते, असे वाटेल. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकणारा माणूस, कानाच्या हिशेबाने, बोलणाऱ्यापासून ६८ मीटर दूर बसलेला असतो. आमच्या शेजारी खुर्चीत बसलेले नाना त्या हिशेबाने अंगण ओलांडून, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाच्याही पुढे गेले होते.

आम्ही त्यांना विचारले, "नाना, आवाज मागून येतोय, त्रास नाही होत?"

नाना म्हणाले, "अरे, ओझरात राहतोस ना? आवाज मागूनच येतो."

यात विनोद होता तेवढेच शास्त्रही होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी जी शिफारस केली, तिच्यात माणसाला चित्र आणि ध्वनी यांची फारकत कधी जाणवते याचे आकडे आहेत. ध्वनी चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच जाणवते. मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जाते. पुढे धावणारा आवाज आपल्याला सोसत नाही, कारण निसर्गात तो कधी भेटत नाही. मागे राहणाऱ्या आवाजाची सवय मात्र पलीकडच्या काठावर धुणे आपटणारी बाई पाहिलेल्या प्रत्येकाला असते.

जून गेला, जुलै गेला. या काळात घरात जे घडले ते आम्ही शनिवारचे पाहुणे असल्यामुळे तुकड्यातुकड्यांनी पाहिले. पहिल्याच आठवड्यात 'संपन्न झाला'शी भांडण पुन्हा सुरू झाले. आई टीव्हीसमोर मटार किंवा गवार निवडत बसे आणि पडद्यावर काही हालचाल दिसली, की हाताने "काय?" असे विचारी. नाना सांगत. सुरुवातीला दोन शब्द, मग वाक्य, मग वाक्यामागचा इतिहास. धरणातून पाणी सोडल्याची बातमी असली, की नाना आधी बातमी सांगत, मग बाणगंगेला त्यांच्या लहानपणी आलेला पूर सांगत, मग त्या पुरात वाहून गेलेले कोणाचे तरी जाते. एखाद्या मालिकेतली सासू एक वाक्य बोले आणि नाना त्याचा असा अनुवाद करीत, की आई म्हणे, "एवढं सगळं ती बोलली?" हेडफोन कानांवर असल्यामुळे नाना बोलत ते मोठ्याने, वर्गात बोलत तसे.

महाभारतातल्या संजयाची आम्हांला तेव्हा आठवण झाली. संजय रणांगण पाहत होता आणि त्याच क्षणी धृतराष्ट्राला सांगत होता, असे चित्र आपल्या मनात असते. भीष्मपर्व उघडून पाहिले तर संजय रणांगणावरून येतो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊन, आणि मग मागचे सगळे, गीतेसह, सांगू लागतो. तेथेही आवाज मागूनच येतो. आमच्या घरातल्या संजयाला ऐकू येत होते, आणि धृतराष्ट्राच्या आसनावर बसलेल्या आम्हांला दिसत मात्र होते, एवढा फरक.

असे असता आम्ही ही व्यवस्था मोडली, याचे कारण आमचा चांगुलपणा. मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' म्हटले की श्रोता बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. आमच्या लहानपणी टीव्ही 'आपण' पाहत असू. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत शेजारची सतरा-अठरा माणसे मावत, आणि संच कोणाचा हा प्रश्न त्या वेळेपुरता कोणाला पडत नसे. आता त्याच खोलीत चार माणसांची दोन सर्वनामे झाली होती. नाना ऐकत ते 'आम्ही'त नव्हते, आम्ही पाहत होतो ते 'आपण'त नव्हते. हे आम्हांला बोचले. नानांना ऐकू यावे आणि घरालाही ऐकू यावे, असा मार्ग काढायचा आम्ही निश्चय केला.

मार्ग सापडला तो टीव्हीच्या पाठीमागे. तेथे चौकोनी झडपेचे एक भोक असते, त्याला ऑप्टिकल आउटपुट म्हणतात. त्यातून आवाज प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. तारेचे दुसरे टोक पाहिले तर लाल ठिपका दिसतो. या वाटेने आवाज काढला, तर बऱ्याच टीव्हींचा स्वतःचा स्पीकर बंद होत नाही. कानात घालायच्या साध्या हेडफोनची गोल खाच वापरली तर मात्र तो बहुधा बंद होतो. तेथे आमचे दोन शनिवार गेले. आम्ही ट्रान्समीटरची एक छोटी पेटी आणली आणि तिला साजेसे, उशीर कमी करणारी पद्धत समजणारे दुसरे हेडफोन आणले, कारण ती पद्धत पेटी आणि हेडफोन या दोघांनाही येत असली तरच चालते. तारेच्या टोकांवर प्लास्टिकची बारीक टोपणे असतात, ती काढल्याशिवाय तार आत बसत नाही, हे कळायला पाऊण तास लागला. मग तार बसली, पेटीचा दिवा लागला आणि आवाज येईना. टीव्हीचा डिजिटल ध्वनी 'डॉल्बी'वरून 'पीसीएम'वर आणायला हवा होता. अशा पेट्यांना पुष्कळदा साधीच भाषा कळते. तो बदल करताच नानांनी मान हलवली. ऑगस्टमधला तो शनिवार होता. उशीर आता ४० मिलिसेकंदांच्या आसपास आला होता. आम्ही मनातल्या मनात गुणाकार केला: १४ मीटर. कडुलिंबापलीकडून नाना अंगणात आले होते.

त्या संध्याकाळी चौघांनी एकाच वेळी बातम्या ऐकल्या. खोलीला आवाज होता, नानांना त्यांचा स्वतंत्र आवाज होता आणि कोणाला कोणापुढे हात हलवून काही विचारायची गरज नव्हती. आम्ही समाधानाने नाशिकला परतलो. ब्ल्यूटूथचीही वाटचाल याच दिशेने चालली आहे, असे आमच्या वाचनात आले. एकाच संचातून अनेकांना एकाच वेळी ऐकू जावे अशी 'ऑराकास्ट' नावाची पद्धत २०२२ साली जाहीर झाली. तिच्यात जोडी जमवायची नसते, सभा भरते. तंत्रज्ञानालाही शेवटी 'आपण' हे सर्वनाम सापडले, असे एक टाळ्या घेणारे वाक्य आम्ही वर्गात वापरूनही टाकले.

२६ सप्टेंबर २०२५ ला नवरात्रातला शुक्रवार होता. त्या दिवशी चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ होता. १९६३ साली चंदीगडलाच हे विमान हवाई दलात आले आणि ६२ वर्षांनी तेथूनच गेले. मधल्या काळात त्याने लढाया केल्या, पुष्कळ तरुण वैमानिक अपघातांत गमावले आणि एका गावाला नाव दिले. रजा टाकून आम्ही ओझरला आलो होतो. नाना स्वच्छ धोतर नेसून, हेडफोन लावून, वेळेआधी खुर्चीत बसले होते. आई ताटात कुलाचाराचे काही तरी निवडत होती. थेट प्रक्षेपण सुरू झाले. नाना आईला आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगू लागले; तो मुलगा वर्गात विमान गेले की वहीवर रेघ मारी आणि पुढे कारखान्यातच लागला. "त्याला मी एकदा विचारलं, तू मोजतोस तरी कशाला, तर तो म्हणाला—"

पडद्यावर विमाने आली. नाना थांबले. डावा हात किंचित वर गेला. नजर पडद्यावर नव्हती, खिडकीबाहेर होती. खिडकीबाहेर कोरडे आकाश होते. खोलीतला गडगडाट वाढला, उतरला, संपला. निवेदक बोलू लागला होता, तरी हात वरच होता. आईचे निवडणे थांबले होते. आमच्या मुलीने काही विचारायला तोंड उघडले आणि मिटले. तिला कोणी काही सांगितलेले नव्हते.

मग हात खाली आला. "—म्हणाला, सर, तुम्ही किती वेळा थांबलात ते लिहून ठेवतो."

बराच वेळ कोणी बोलले नाही. समारंभ संपला, आणि नाना पूर्ववत गप्प झाले. तेव्हा आमच्या लक्षात आले, की ऑगस्टनंतरच्या शनिवारांत नानांनी एवढे सलग बोललेले आम्ही ऐकलेच नव्हते. 'संपन्न झाला'शी भांडण चालू होते, पण पूर, जाते, सासूच्या वाक्याचा विस्तार, हे सारे बंद पडले होते. आईला बातमी कळतच होती. विचारायचे काय आणि सांगायचे काय? सगळ्यांना सगळे ऐकू आले म्हणजे 'आपण' झालो, असे आम्ही धरून चाललो होतो. ऑगस्टच्या त्या पेटीने खोलीत चार श्रोते एकत्र आणले होते. त्याआधी एक सांगणारा होता आणि त्याच्याभोवती तिघे ऐकणारे होते. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागून सुरू होतो, हे आम्ही दर वर्षी शिकवतो. अवधान मागावे लागते ते सांगणाऱ्याला. नुसते ऐकणाऱ्यांच्या बैठकीत ते कोणी कोणाकडे मागत नाही.

हे आईला आमच्या आधी कळले होते. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या कारखान्यातून तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने येथूनच उड्डाण केले. दुसऱ्या दिवशी शनिवारी आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळच्या बातम्यांत त्याची चित्रे चालली होती आणि टीव्हीला आवाज नव्हता. आम्हांला वाटले, पेटीत पुन्हा काही बिघाड झाला. आम्ही उठून मागची तार तपासू लागलो, तेव्हा आईने पदराखालचा रिमोट किंचित वर करून दाखवला आणि ओठांवर बोट ठेवले. स्पीकरचा आवाज तिने बंद केला होता. आमच्या संचात त्या बटणाचा ऑप्टिकल तारेवर परिणाम होत नाही. नानांना सगळे ऐकू येत होते. आम्ही पेटी बसवली तेव्हा हे आमच्या ध्यानात आले नव्हते. सबंध माहितीपत्रक आम्ही वाचले होते. आईने रिमोटवरची बटणे दाबून पाहिली होती.

"काय म्हणतोय हो तो?" आईने हाताने विचारले.

नाना तिच्याकडे वळले. "नवं विमान," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. "आपल्याकडचंच." आणि मग, चित्रे संपून दुसरी बातमी लागली तरी, जुन्या विमानापासून सुरुवात करून सांगू लागले.